फुकट शिकवणारी म्याडम

फुकट इंग्रजी शिकवाया कोन येतंय हो आमच्या कुरवंड्यात? माझ्या मनात तवाच पाल चुकचुकली.

रेणुका म्याडम आंबी गावची. लोणावळ्यात शाळंवर नोकरी, आन सांजच्याला आमच्या समाजमंदिरात बायांची शिकवणी. बंगल्यांवर सैपाकाला जानाऱ्या बाया, त्यांना पाव्हण्यांशी बोलता यावं म्हनून. पुस्तक न्हाई, फळा न्हाई. घरातली जुनी वस्तू आना, हातात धरा, तिची गोष्ट इंग्रजीत सांगा. कुनाची व्हती, कुटं वापरली, आता कुनाकडं हाय. आता तुमीच सांगा, असली चौकशी कोन करतंय? जमिनीचा एजंट! वारस हुडकत फिरतोय मेला. आन आमचं भाताचं एकच खाचर उरलंय, तेबी बंगल्यांना खेटून.

त्या दिशी माझी सून प्रतीक्षा माझ्या सासूचं इरलं काखंत मारून निघाली. भातलावणीला पावसात पाठीवर घ्यायचं, बांबू-पानांचं. माझं डोकंच फिरलं. समाजमंदिराची किल्ली रखमाजी आबांकडं असती. आदी त्यांचं दार गाठलं.

"आबा, उद्यापास्नं कुलूप घाला. ही बाई आपल्याला इकून खाईल."

आबा व्हय म्हनले. मग मी तडक शिकवणीत.

प्रतीक्षा इरलं पाठीवर घिऊन वाकलेली. रोपं लावल्यावानी हात चालवत तुटक इंग्रजी बोलत व्हती. म्याडमनं कायतरी इचारलं, आन ही बया खिडकीतनं थेट आमच्या खाचराकडं बोट दावती!

"बास!" मी वरडले. "आमच्या जमिनीशी काय घेनंदेनं तुमचं? आदी सोताची वस्तू दावा!"

म्याडमनं पर्समदनं एक जुनी किल्ली काढली आन सावकाश इंग्रजीत बोलाया लागली. किल्ली हवेत फिरवली. दार ढकललं. चुलीपाशी बसलेल्या आईला हाक मारली. मग तोंडानं मशिनीचा आवाज काढला, हातानं भिंत पाडली. पुन्ना किल्ली फिरवाया गेली, तर हात तसाच ऱ्हायला. दारच न्हाई.

मला इंग्रजीचं अक्षर कळत न्हाई, पन पाडलेलं घर कळलं.

"जमीन गेली व्हय गं?"

"जमीन घ्यायला आलेला साहेब इंग्रजीत बोलत होता, मावशी," ती म्हनली. "बाबांना काही कळेना, नुसती होकाराची मान हलवत राहिले."

मी उटले ती थेट आबांच्या दारात. अजून माझा समदा इस्वास बसलाय असं न्हाई.

"आबा, मगाशी बोलले ते सोडा. किल्ली हिकडं द्या. उद्यापास्नं मी उघडीन."