कार्ड येईपर्यंत ओला ठेवलेला चेहरा

रोह्याच्या कंपनीची बस पेणहून सकाळी सहाला सुटते. गेलं सगळं वर्ष त्या बसमध्ये कानात हेडफोन घालून मी एकच बातमी ऐकली, कम्प्युटरचं नवीन ग्राफिक्स कार्ड येतंय. वडखळला ट्रकांमागे बस अडकायची, तेवढ्यात एक व्हिडिओ संपायचा. कुणी तरी खोक्याचा अंधुक फोटो मिळवलेला असायचा, कुणाला म्हणे आतल्या माणसाने सांगितलेलं असायचं. एक म्हणायचा मेमरी दुप्पट होणार, दुसरा म्हणायचा काही नाही, नुसतं नाव बदलणार. मी चाळिशी उलटलेला माणूस, केमिकलच्या प्लँटवर ऑपरेटर, आणि हे सगळं परीक्षेचा निकाल असल्यासारखं ऐकायचो. आता आठवलं तरी थकायला होतं.

ही खाज माझी नव्हती, निदान नुसती माझी नव्हती. बाबा गणपती करतात. करायचे, असं म्हणायला हवं. पेणमध्ये ते सांगण्यात काही विशेष नाही, पण आमच्या आळीत बहुतेक जण साच्यातून मूर्ती काढतात. नवीन चेहरा घडवणारे दोघं-तिघंच. बाबा त्यांतले. शाडूचं मॉडेल घडवायचं, त्यावर रबराचा साचा घ्यायचा, आणि साचा निघाला की मॉडेल मोडून माती पुन्हा टबात भिजत टाकायची. त्याचं घरात कुणाला काही वाटत नसे. माती पुन्हा लागतेच.

गेल्या वर्षी त्यांनी एक बसका गणपती घडवला. हात थरथरायला लागले होते, म्हणून तीन महिने लागले. पण चेहरा असा उतरला की शेजारच्या कारखान्यातले कारागीर यायचे, उभे राहून बघायचे, आणि निघून जायचे. बाबा म्हणाले, "ह्यो शेवटचा. अंगठा आता ऐकत नाय."

साचेवाल्याला बोलवायचं ठरलं, तेव्हा मी मध्ये पडलो. म्हटलं, रबर लावू नका. साच्यातून एकाच मापाची मूर्ती निघते. सगळ्या बाजूंनी चारेकशे फोटो काढू, त्यांवरून कम्प्युटर अख्खं मॉडेल आत उभं करतो, मग फुटाची करा नाहीतर पाच फुटांची. हे मी व्हिडिओ बघूनच शिकलो होतो. माझ्या जुन्या कम्प्युटरवर ते सगळे फोटो घातले की तो मेमरी पुरत नाही म्हणून हात वर करायचा. म्हणजे कार्ड बदलायला हवं. आणि कार्ड आत्ता कशाला घ्यायचं? नवीन पिढी येतेय ना.

पेणच्या दुकानदाराने तेच सांगितलं. "थांबा हो, नवीन आलं की जुन्याचा भाव पडेल." बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा धरमतरकडचा दोस्त, त्याचा भाऊ दुबईला. तो म्हणाला, "ईदला भाईजान येतोय. तिकडे आधी येतं. आणेल तो, तू नको टेन्शन घेऊ." ईद आली, भाईजान आला, खजूर घेऊन आला. कार्ड तिकडेही आलं नव्हतं. पुढच्या महिन्यात येणार, मग त्याच्या पुढच्या. मग बातमी आली की एआयवाले सगळी मेमरी उचलतायत, त्यामुळे लांबलं. दर वेळी कारण पटायचं, हेच वाईट.

इकडे, कम्प्युटरमध्ये चेहरा उभा राहीपर्यंत मॉडेल मोडायचं नाही असं ठरलं होतं, आणि बाबा रोज त्यावरचं फडकं ओलं करत होते. माती सुकली की तडकते, म्हणून सकाळ-संध्याकाळ. मी बसमधून उतरून घरात शिरलो की विचारायचे, "आलं का तुझं कार्ड?" मी म्हणायचो, येतंय. फोटो मात्र मी काढून ठेवले होते, एका रविवारी, दिवसभर खपून. बाबांनी त्या दिवशी मॉडेल असं सजवलं जसं काही मुलगी दाखवायची आहे. दर थोड्या वेळाने मला थांबवायचे आणि चेहऱ्यावर बाटलीने पाणी मारायचे. सुकलेली माती माणसांपुढे आणायची नसते, अशी त्यांची कारखान्यातली जन्माची सवय. पाणी मारलं की गाल चकाकायचे. मलाही ते फार सुंदर दिसलं.

दिवाळीनंतर फडक्याला वास यायला लागला. एक गाल खाली बसला, सोंडेजवळ माती मऊ झाली. बाबा म्हणाले, "आता रबर लावून पण उपयोग नाय. काय करू?" मी कामावर निघायच्या घाईत होतो. म्हटलं, मोडा खुशाल, सगळं फोटोंत आहे. त्यांनी एकदा विचारलं, "नक्की हाय ना?" मी म्हटलं, नक्की. संध्याकाळी परत आलो तेव्हा माती टबात भिजत होती.

कार्ड शेवटी आलं. बातम्यांत होतं त्यातलं निम्मं खरं होतं, निम्मं नव्हतं, आणि मला त्याचं आता काहीच वाटत नव्हतं. लावलं, फोटो घातले, संध्याकाळपर्यंत काम संपलं. पाठ छान आली, बैठक आली, हात आले. चेहऱ्याच्या जागी भोकं. पाण्याची चमक प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी होती, त्यामुळे कम्प्युटरला गाल गाल म्हणून ओळखताच आला नाही. वाचून बघितलं तर साधी गोष्ट होती, ओल्या, चकचकीत वस्तूचे फोटो चालत नाहीत. जुन्या कम्प्युटरवर नुसते वीस फोटो घालून बघितले असते तरी फोटो काढले त्याच संध्याकाळी कळलं असतं. मॉडेल तेव्हा शाबूत होतं. पण मी कार्डाची वाट बघत होतो.

बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी टबातून मातीचा गोळा काढून पाटावर घेतला. कपाळ आलं, सोंडेचा बाक आला. डोळ्यांपाशी अंगठा सरकला, पुन्हा सरकला. चार वेळा केलं, मग त्यांनी गोळा माझ्यापुढे सरकवला.

"तू कर. मी सांगतो तसा कर."

मी या घरात जन्मलो आणि मातीत कधी हात घातला नाही. विचारलं, डोळ्याचा खळगा कुठून सुरू करायचा? बाबा हाताने हवेत दाखवायला लागले. हात इतका थरथरत होता की रेघ कुठे जाते ते मला दिसेना. त्यांनी पुन्हा दाखवलं, अजून एकदा दाखवलं. मी नुसता "हां, हां" म्हणत राहिलो.