विहारातले पाव्हणे

"तेवढा तो फोटो झाकता येईल का?" मॅडम म्हणाल्या. "बुद्धमूर्ती राहू दे. पण ध्यानाला बसलं की समोर कोट-टाय दिसतो. मन विचलित होतं."

फोटो बाबासाहेबांचा. जागा आमच्या गावच्या विहाराची, पातूरजवळची. आणि सांगितलं मला.

मी झाकला.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला शहाणी ठरायचं नाही. स्टूल घेतलं, पांढरी चादर घेतली, माझ्याच हातानं झाकला. वर "आता ठीक आहे का, मॅडम?" असंही विचारलं.

मॅडम अकोल्याला आमच्या कॉलेजात इतिहास शिकवतात. मी तिथं प्रयोगशाळेत परिचर. बाटल्या धुते, सामान लावते. मॅडमचा एक ध्यानाचा गट आहे. वकिलांच्या बायका, दोन प्राध्यापिका, एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना पातूरची लेणी पाहायची होती आणि एक मुक्काम विहारात करायचा होता. अस्सल अनुभव पाहिजे म्हणे. सोय होईल का विचारायला मला बोलावलं, त्या दिवशी बारा वर्षांत पहिल्यांदा मॅडम मला "बसा" म्हणाल्या. त्या एका "बसा"नं मी अशी फुगले की गावात फोन करून सगळी सोय लावली.

बायांनी दोन दिवस खपून विहार धुतला. घराघरातून चांगल्या गाद्या आल्या. वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा झाला. पाहुण्या म्हणाल्या, संध्याकाळी आम्ही हलकंच घेतो. मग डबे उघडले. हलकं खाणाऱ्यांच्या डब्यांतून पुरणपोळ्या निघाल्या, तुपासकट. माठाला कोणी हात लावला नाही. पाण्याच्या बाटल्यांचा खोका गाडीतच होता. माझी माय ताटं घेऊन आली तशीच परत गेली.

तूप पुसून झाल्यावर करुणेवर चर्चा झाली. एकीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

त्यांना बुद्ध पाहिजे होता, बौद्ध नको होते. लेण्यातला चालतो. दगडाचा, शेजारी कोणी राहत नसलेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सहाला आमची वंदना असते. गट आधीच डोळे मिटून बसला होता. बाया पांढऱ्या साड्या नेसून पायरीशी आल्या. मॅडमनी एक डोळा उघडला आणि मला बोटानं बोलावलं.

"त्यांना सांगा, अर्धा तास बाहेर थांबा. आणि बांगड्यांचा आवाज नको."

मी निरोप घेऊन दाराशी गेले. माय सगळ्यात पुढं. या विहाराच्या विटा तिनं डोक्यावर वाहिल्यात, फुकट, शेतातून आल्यावर. तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"कोनं झाकला तो फोटो?"

"मीनं."

"काहून?"

कारण आत ध्यानाला बसलं होतं. माय चिडली नाही. हळूच म्हणाली, "तुले आमची लाज वाटून राहिली का?"

अपमान मी लहानपणापासून गिळत आले. पण तो दरवेळी दुसऱ्याच्या हातचा होता. हा माझ्या हातचा. माझ्याच मायला मी वाढलेला. निरोप तोंडातच राहिला. आत गेले आणि चादर खाली ओढली.

"अहो, हे काय करताय?" मॅडम म्हणाल्या.

कॉलेजात मी जपून, शुद्ध बोलायची. त्या दिवशी माझी भाषा निघाली.

"उठा, मॅडम. आमच्या बायायची वंदनेची वेळ झाली."

"आम्ही पाहुण्या आहोत इथे."

"पाव्हणा घरच्या मानसाले पायरीवर उभा नाई ठेवत. बसाचं असन तं मांगं बसा. नाई तं गाडी उभी हाय."

एक वकिलीणबाई पुटपुटल्या, कितीही शिकले तरी यांच्यातला राग काही जात नाही. बरोबर आहे बाई. तुमचा डबा रिकामा गेला, आमची ताटं भरलेली परत गेली. राग कसा जाईल?

दहा मिनिटांत सगळी शांती गाडीत जाऊन बसली.

वंदना झाली. मग मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, फोटो मी झाकला होता, माझं चुकलं. मायनं मान डोलावली. पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. तेच योग्य होतं.

पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. मॅडमनी लेखी तक्रार केली होती. पाहुण्यांशी उद्धट वर्तन. प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, दोन ओळींची दिलगिरी लिहा, विषय संपवू. कागद पुढं केला, पेनही स्वतःचं दिलं. मी दोनच ओळी लिहिल्या. 'माझी चूक झाली ती माझ्या गावासमोर कबूल केली आहे. तुमच्याजवळ कबूल करण्यासारखं मी काही केलेलं नाही.' खाली सही केली.

आता मला सामानाच्या खोलीत टाकलंय. खिडकी नाही, पंखा नाही. मॅडम जिन्यात दिसल्या की मान फिरवतात. फिरवू द्या. उद्या बदली करा, बढती अडवा, आणखी काय करायचं ते करा. पण माझ्या माणसांना दाराबाहेर उभं करायला तुम्हाला दुसरं कोणी शोधावं लागेल. मी मिळणार नाही.