सात दगड

तीन वर्षांपूर्वी बिल्डरच्या पर्यावरण अहवालासाठी मी भर मे महिन्यात विश्रांतवाडीपुढच्या एका प्लॉटवर गेलो होतो. कोरड्या जमिनीत शेंदूर फासलेले सात दगड ओळीने बसवलेले होते. अहवालात 'ओढा-नाला' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं आणि दगडांबद्दल 'देवस्थान, हलवता येईल'. घरी जेवताना आईला सहज सांगितलं, तर ती ताडकन म्हणाली, "अरे शहाण्या, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी! पाण्याजवळच बसवतात त्यांना."

ताटावरून उठलो. ऑफिसातल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अहवाल गेला. तिथे पाणी असल्याचं सर्टिफिकेट आईंना देता येईल का?" मी फोन ठेवला, आणि अजून चरफडतोय.

यंदा मेमध्ये तिथून गेलो. दगड गेटजवळच्या संगमरवरी देवळात होते आणि तळघरातल्या पार्किंगमधून पंपाने पाणी उपसणं चालू होतं.