मल्लय्याच्या मागाचं वय

सोलापुरातल्या आमच्या मिलमध्ये माझ्या तोडीचा फिटर झाला नाही. म्हंजे असं मीच सांगत फिरायचो. बाकीचे नुसते हसायचे!

तिथले किस्से मागाखालच्या कापसाच्या लवेसारखे. झाडून काढा, दुसऱ्या पाळीला पुन्हा साठलेले.

*

दुष्काळानंतरची ती वर्षं. वीज जायची, सूत यायचं नाही, निम्मे माग गप्प. अशात पुण्याहून कुलकर्णी साहेब आले. कोरी पँट, जाड चष्मा, हातात बिस्किटाचा डबा. कुठला माग किती टिकेल ते साहेब आधीच सांगणार, आणि त्यावरून मालक कमी टिकणारे माग मोडीत काढणार. माग मोडीत, की त्याचा विणकरही घरी!

डब्यात चिठ्ठ्या. 'पट्टा तुटला', 'दांडा मोडला'. एकेक उचलायची आणि कागदावर मिल चालवायची. याला साहेब 'मॉडेल' म्हणत. मी गुपचूप एक चिठ्ठी सरकवली: 'मुकादम झिजला'.

साहेबांनी ती उचलली, वाचली, आणि गंभीरपणे विचारलं, "स्पेअर आहे का?"

*

मग घोडं अडलं. झीज मोजायची कशानं? मागाच्या वयानं, की त्यानं मारलेल्या ठोक्यांनी?

मल्लय्या विणकराचा जीव टांगणीला. त्याचा माग सगळ्यांत जुना, पण महिनोन्‌महिने बंद पडलेला. शेवटी साहेबच म्हणाले, "उभा माग कसला झिजतोय? ठोके मोजू." आणि प्रत्येक मागाला मीटर बसवलं.

"म्हंजे माजा माग तरणा हाय की!" मल्लय्या नाचायचाच बाकी.

"आन्‌ तू रं?" मी डिवचलं.

"मी बी!"

*

खंडेनवमीला मिलमध्ये पान्यापासून मागापर्यंत सगळ्यांची पूजा. मल्लय्यानं त्या वर्षी मागाला नुसतं बोट लावलं. सगळं हळदीकुंकू मीटरला! नारळही त्याच्यावरच फोडला.

मी म्हटलं, "आता त्याला धोतर नेसव!"

सगळे हसले. तोही हसला.

सुट्टीनंतर साहेबांनी मीटरचं झाकण उघडलं. आत नारळाचं पाणी, कुंकवाचा चिखल. अडकलेली आकड्यांची चाकं सुटली ती गरगर फिरली आणि भलत्याच आकड्यावर थांबली. साहेब तिथंच उकिडवे बसून राहिले. नव्यानं मोजायला मालक थांबणार नव्हते.

"मल्लय्या, आकडाच राहिला नाही. आता वयच धरावं लागेल."

मल्लय्या सदऱ्याच्या टोकानं मीटर पुसत होता. पुसतच होता.

*

मल्लय्याचा माग सुटा करून ट्रकमध्ये चढवला, त्या दिवशी मी त्याला सात रस्त्याच्या चौकात चहाला नेलं. जन्मभर ज्याला चिडवलं, त्याला असा सोडवेना.

"तोंड का पाडतोस रं? हात अजून झ्याक चालतेत की तुजे! उद्या दुसऱ्या मिलच्या गेटावर जाऊन उभा ऱ्हा."

मल्लय्यानं बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"काल उभा ऱ्हायलो हुतो की. तितला बाबू बी पयलं जन्मसालच इचारला."