आत्याचा जबडा

माझी आत्या सोफे मढवते. कापड ताणायला एक हात, हातोडीला दुसरा. म्हणून बारीक खिळे तोंडात धरायचे आणि जिभेनं एकेक पुढे सरकवायचा, ही त्या कामाची रीत. तिच्या खालच्या जबड्यात गाठ आली, तेव्हा घरच्यांनी त्या खिळ्यांवरच खापर फोडलं.

"ताई, सांगत होतो ना, तोंडात लोखंड धरू नकोस!" बाबा म्हणाले.

"तू रोज घर डोक्यावर घेतोस, तुझ्या टाळूला आली का गाठ?"

सर्जननं तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग नव्हता. आम्ही हुश्श करतोय तोच ते म्हणाले, की ही गाठ म्हणजे हाडात वाढणारी पिशवी, काढली तरी परत येते, तेव्हा जबड्याचा तेवढा भागच कापू आणि पायाचं हाड बसवू. सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. जबडा दुसऱ्याचा असला की मान डोलवायला काय जातं!

"ती वाढते किती जोरात, ते आधी सांगा," आत्या म्हणाली.

त्याची वेगळी तपासणी निघाली. दुभंगणाऱ्या पेशींत एक प्रथिन असतं. रंग लावला की अशा पेशी तपकिरी दिसतात. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी आत्याला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पिशवीच्या अस्तरात ठिपकेच ठिपके होते. म्हणजे वाढ जोरात.

"आता तरी ऐक," बाबा म्हणाले.

आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. घाबरली होती ती, खोटं कशाला बोलू? पण सर्जनला म्हणाली, "पिशवी काढा, हाड खरवडा. जबडा राहू द्या."

"परत येईल. जन्मभर दरवर्षी जबड्याचा एक्स-रे फोटो काढावा लागेल."

"येईन की. ती चुकत नाही, तर मी कशाला चुकू?"

शेजारीपाजारी म्हणत, हट्टापायी जीव घालवेल. लोकांच्या जिभेला हाड नसतं. आत्या मात्र दरवर्षी नेमानं फोटो काढून यायची आणि दुकान उघडायची.

चौथ्या वर्षी फोटोत काळा डाग दिसला. बाबांनी मान खाली घातली.

"मी बजावलं होतं," सर्जन म्हणाले. "आता जबडा कापूया."

"केवढी आहे?"

"सध्या वाटाण्याएवढी."

"मग वाटाण्याएवढंच काढा," आत्या म्हणाली.