फ्रिजचं रबर

गुढियारीतल्या आमच्या गल्लीत कुणाचं बिल वाढलं की शेजारचे काका टेस्टर घेऊन येतात. ते घरी एकटेच असतात. घरातलं सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा बघत ते बोलत राहतात. बिघाड सापडला की लोक आभार मानतात आणि दार लावून घेतात.

परवा त्यांनी माझ्या जुन्या फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढला. तो अलगद निघाला. रबर ढिलं झाल्याचं मलाही कळलं. काकांनी कागद खिशात घातला.

"काही समजून नाही राहिलं, पोट्ट्या. उद्या पाहू."

काल त्यांनी पंखे तपासले आणि पुन्हा "उद्या" म्हणाले.

"हव काका, उद्या जेवायलाच या."

त्यांनी टेस्टर खिशात ठेवला.

"मग येतानी रबर घेऊन येतो," ते म्हणाले.