तीन पाण्यांनी धुतलेला ट्रान्सफॉर्मर

भाईजान विलायतेला शिकायला जाणार की नाही, हे आमच्या अम्मीनं एका शेगडीवर आणून ठेवलं होतं. निजाम सरकारचा वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मंजूर होती, कपडे शिवून झाले होते, मुंबईहून बोट सुटायला आठवडा राहिला होता. अब्बा केव्हाच राजी होते. अम्मीचं म्हणणं मात्र एकच: "तिथं काय शिजतं, कशात शिजतं, मला ठावं न्हाय. आपल्या हातानं शिजवून खाणार असंल तर जाऊ दे. आन् ते मला आधी डोळ्यांनी दिसलं पाहिजे." अम्मी असं काही म्हणाली की अब्बा पान लावायला घेत.

विलायतेतल्या भाड्याच्या खोलीत चूल कुठली? तेव्हा विजेची शेगडी न्यायची ठरलं. उस्मानाबादेत आमच्या मोहल्ल्यात वीजच नव्हती. विजेवर बोलायचा हक्क घरात फक्त मला, कारण मी सोलापुरात मामूंकडं राहून शिकत होतो आणि तिथं एकदा दिवा बदलला होता. तोही मामू स्टूल धरून उभे असताना.

सोलापुरात लढाईचा उरलासुरला माल विकणाऱ्या एकाकडं अमेरिकन फौजेची शेगडी मिळाली. तिच्या प्लगला दोन चपट्या पट्ट्या, आणि आपल्याकडं भिंतीतली भोकं गोल. ती चालणार एकशेदहा व्होल्टवर. सोलापूरची वीज काय आणि विलायतेची काय, त्याच्या दुपटीच्या वर. म्हणजे चपट्याचं गोल करणारा एक अडॅप्टर हवा आणि विजेचा दाब निम्म्यावर आणणारा ट्रान्सफॉर्मर. दुकानदारानं दोन ट्रान्सफॉर्मर पुढं ठेवले. एक मुठीएवढा, दुसरा लोखंडी पेटीतला, उचलताना कंबर धरावी असा.

"हलका रेडिओला चालतो," तो म्हणाला. "शेगडीला लावाल तर भाताआधी हाच शिजेल."

मी बराच विचार केल्यासारखं दाखवलं आणि जड तो घेतला.

सगळं घेऊन घरी निघालो, तर निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकातीच्या शिपायानं पेटी ठोकून पाहिली. "ह्ये काय?"

"वीज कमी करायची पेटी."

"आमच्याकडं हायच कुठं? कमी काय करतो?" असं म्हणून त्यानं सोडलं.

घरी अम्मीनं शेगडीभोवती एक फेरी मारली. "फौजेची? हिच्यावर काय काय हराम शिजलं असंल?" मी म्हटलं, ते कुणाला माहीत. हा विषय तिथंच संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अम्मी, भाईजान आणि मी तुळजापूरवरून जाणाऱ्या मोटारीनं सोलापुरात मामूंकडं पोचलो. तिथं वीज होती, तिथंच परीक्षा. मी सामान उलगडायला घेतलं तशी अम्मी समाधानानं म्हणाली, "काळजी करू नको. राखेनं घासून, तीन पाण्यांनी धुऊन पाक-साफ केलंय."

"शेगडी ना?"

"शेगडी, ती काळी पेटी, ते चपट्या-गोलचं. सगळं. पेटीत तर भोकांतनं पाणी सोडलं. आतली घाण कशी जायची?"

मी पेटी तिरकी केली. तिनं माझ्या पायावर पाणी सोडलं.

भाईजान माझ्या तोंडाकडं बघत होते. ही चालणार नाही म्हणावं, तर जे धुता येत नाही ते रांधायला कशाला, असं अम्मी म्हणणार, आणि विलायत तिथंच संपणार. तसंच लावावं, तर पेटीच्या पत्र्यात वीज उतरणार आणि हात लावेल तो संपणार.

"जरा ऊन दाखवू," मी म्हटलं.

"का, सर्दी होती का तिला?"

मामूंच्या गच्चीवर सगळं मांडलं. भादव्याचं आभाळ; ऊन यायचं, चेहरा दाखवायचं आणि जायचं. मी पापड उलटावेत तशी पेटी उलटीपालटी करत होतो. मामू दोनदा वर येऊन सांगून गेले, की बेटा, घर भाड्याचं आहे.

भाईजाननी हळूच विचारलं, "खरं सांग. चालेल?"

"चालेल."

"कशावरून?"

"आपल्याकडं दुसरी नाही म्हणून."

दिवस कलल्यावर खाली आलो. मामू मेन स्विचपाशी उभे राहिले. मी लाकडी पाटावर चढलो, सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. अम्मी हलली नाही.

"अम्मी, तुम्ही मागं व्हा."

"माझ्या पोराच्या हातात देणार ना हे? मग मी हितंच."

मी प्लग लावला. कुठला देव, कुठला पीर आठवला नाही. मामूंचं भाडं आठवलं. पेटीतून भुंग्यासारखी घरघर निघाली. शेगडीच्या मातीच्या खाचांतून वाफ आली, करपट वास सुटला. मामूंचा हात स्विचकडं गेला, थांबला. वाफ विरली, आणि तारेचं वेटोळं एका टोकाकडून लाल होत गेलं.

अम्मीनं बराच वेळ ते पाहिलं. मग पातेलं, तांदूळ आणि डाळ भाईजानपुढं ठेवली. "हं. खिचडी लाव."

भाईजाननी पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, जणू हाही विजेचाच प्रश्न होता.

"अम्मी, आधी पाणी का आधी तांदूळ?"

मामूंनी तोंडाला रुमाल लावला. इतके दिवस आम्ही व्होल्ट बघितले, पिना बघितल्या. भाईजाननी जन्मात चहासुद्धा केलेला नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

अम्मी शेगडीपुढं बसली. तिनं तेव्हा नाही म्हटलं असतं, तर आमच्यातला एकही बोलायला उभा राहिला नसता. शेगडी लाल होऊन वाट बघत होती.

"जवळ ये," ती म्हणाली. "तांदूळ धू. तसं न्हाय. तळव्यानं." स्वतःचे दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळून घेतले होते. मदतीला निघतील म्हणून असावं.

खिचडी खाली करपली, वर कच्ची राहिली. अम्मीनं ताटलीत घेऊन शेवटपर्यंत खाल्ली.

"मीठ लई झालंय," ती म्हणाली. "उद्या कमी टाक."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच उस्मानाबादेला परतलो. अब्बा दारातच होते.

"मग? व्हय का न्हाय?"

"अम्मी तिथंच राहिल्यात. आज दाल शिकवतायत."

अब्बा भाईजानच्या ट्रंकेला बांधायची दोरी शोधायला आत गेले.